शेजारच्या खाटेवरची विचारपूस

सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना घेऊन वॉर्डात आले. माझ्या शेजारच्या खाटेपाशी एक शिकाऊ मुलगी फाईल वाचू लागली, तशी त्यांनी ती मिटायला लावली. "कागद नंतर. आधी बस, आणि विचार त्यांना, घरी कोण कोण असतं."

शेजारचे म्हातारबुवा एरवी भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. आज उठून बसले. "सून रोज डबा आणते. मीठ विसरते, आणि वर मलाच ऐकवते, डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणून! नातीचे पुढचे दात पडलेत. मला 'आदोबा' म्हणते."

सगळे खळखळून हसले. "बघा," मोठे डॉक्टर म्हणाले, "यातलं काही फाईलमध्ये होतं का?"

मग त्या मुलीने स्टूल माझ्या खाटेकडे ओढलं. "आणि आजोबा, तुमच्या घरी कोण कोण?"

म्हातारबुवांनी चादर मुठीत घट्ट धरली आणि माझ्याकडे पाहिलं.



मीठ विसरणारी सून माझी होती, आणि बोबडी नातही माझीच. "मला कुणी नाही गं, पोरी," मी म्हणालो.