रिकामे चौकोन

आजही चौकोनच आला. गुणाबाईने फोन उन्हात धरला, तिरपा केला, पदराने पुसला. चौकोन रिकामाच.

पाठवणारी तिची लेक, दिपिका. कोन गावच्या गोडाऊनमध्ये खोकी भरायच्या कामाला होती. तिथल्याच दिनेशशी तिने घरी न विचारता लग्न उरकलं आणि तिकडेच खोली घेतली. "या दारात पाय ठेवू नको," असं गुणाबाई रागाच्या भरात बोलून बसली. लेकीचा फोन आला की ती कट करायची. लिहून पाठवावं तर आईला अक्षर वाचता येत नव्हतं. मग हे चौकोन सुरू झाले, दिपिकानेच घरी टाकून दिलेल्या जुन्या फोनवर.

"खोली दावत आसंल तुला," शेजारची कमळा म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचंच मत फिरलं. "न्हाय गं, गोडाऊनमधलं खोकं हाय ते."

पडघ्याच्या मळ्यात भेंडी खुडताना गुणाबाईचं डोकं त्या चौकोनातच अडकलेलं असायचं. तिला आपलं वाटायचं, पोरगी चिडवतेय. तुझ्यासाठी माझ्याकडे काही नाही, असं सांगतेय. म्हणून पहिल्याच दिवशी तिने तो चौकोन दाबून धरला, बाण आल्यावर लेकीलाच परत ढकलून दिला. फोनवर येणारी शुभ सकाळची फुलं पुढे पाठवता पाठवता एवढं तिला जमू लागलं होतं. "घे, तुझं तुलाच," असं वर पुटपुटलीही. तेव्हापासून हेच चाललं होतं. पण एखाद्या सकाळी चौकोन यायला उशीर झाला, तर मळ्यावर जायला तिचा पाय निघायचा नाही.

आणि आज दुपारी दिपिका दारात उभी राहिली. गुणाबाईला 'ये' म्हणवेना, 'जा' तर त्याहून म्हणवेना. इतके दिवस जे मनात कुरतडत होतं तेच तोंडातून आधी बाहेर पडलं.

"त्या चौकोनात हाय तरी काय?"

"कसला चौकोन?" दिपिकाने आईचा फोन हातात घेतला, बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग स्वतःचा फोन उघडून पुढे धरला. तिथे चौकोन नव्हता. एकमेकांच्या गळ्यात पडलेली दोन माणसं होती.

"फोन चित्र न्हाय धाडत, आये. चित्राचा नंबर धाडतो. तुझ्या जुन्या फोनला ह्या चित्राचा नंबर ठावा न्हाय, म्हनून तो चौकोन दावतो. पन तू पुढं ढकललास ना, तवा नंबर जसाच्या तसा माझ्याकडं आला."

गुणाबाईने लेकीच्या फोनवर बोट फिरवलं. दिपिकाच्या प्रत्येक चित्राखाली तेच चित्र पुन्हा होतं. गळ्यात पडलेली दोन माणसं, आईने पाठवलेली.

"पैल्याच दिशी तुझी मिठी आली," दिपिका म्हणाली. "रोज येत रायली. म्हनून तर यायचा धीर झाला."

गुणाबाईला आपलं ते पुटपुटणं आठवलं आणि लाजेने तिचे कान तापले. खरं काय ते सांगून टाकावं, असं क्षणभर वाटलंही. मग तिने लेकीला ओढून पोटाशी धरलं.

"मी तर पैल्या दिसापासून बोलवत व्हते," ती म्हणाली. "तुलाच यायला उशीर झाला."