तिसऱ्या रांगेतली बाबागाडी

सौर पॅनेलांच्या रांगा फिरवायचं बटण दाबलं आणि मग इल्वाने सहज खिडकीबाहेर पाहिलं. निळी बाबागाडी जागेवर नव्हती.

जेवणानंतर सिक्स्टनला लोकरीत लपेटून तिने स्वतः ती कामाच्या खोलीच्या भिंतीशी, अगदी खिडकीखाली लावली होती. गावातली सगळीच बाळं दुपारी अशी बाहेर, गार हवेत झोपतात. तिची सासू गुनवोर तर म्हणायची, "घरात झोपवलेलं पोर म्हणजे तळघरातला बटाटा. वरून पांढराफटक आणि दाबला की मऊ!" तिने आपली तिन्ही मुलं उणे पंधरा अंशांत बाहेर झोपवली होती, आणि हे आता सुनेलाही तोंडपाठ झालं होतं. इल्वाला मात्र चैन पडायचं नाही. काम टाकून ती बाहेर जायची, गाडीचा पडदा वर करायची, बाळाच्या नाकाखाली बोट धरायची. "अगं, झाकण उघडउघडून तूच गारठवशील त्याला," गुनवोर हसायची.

रात्रभर बर्फ पडून गेला होता आणि आता मार्चचं लख्ख ऊन पडलं होतं. ऊन असं आणि थंडी अशी, म्हणजे सौर पॅनेलांचा सुगीचा दिवस. गारठ्यात ती जास्तच जोमाने वीज देतात. फक्त आधी त्यांच्या अंगावरचा बर्फ झटकावा लागतो. त्यासाठी सगळ्या रांगा हळूहळू उभ्या करायच्या, की वीतभर जाडीचा थर सरकून खाली येतो. त्याआधी रांगांमध्ये कुणी नाही ना, हे कॅमेऱ्यात पाहून घ्यायचं. इल्वाने पाहिलं होतं. माणूस नव्हतं.

तिने पुन्हा कॅमेऱ्यात पाहिलं. तिसऱ्या रांगेखाली, जिथे वारा लागत नाही अशा आडोशाला, काहीतरी निळं दिसत होतं. मघाशीही ते तिथेच असणार. पण मघाशी ती चालतं माणूस शोधत होती.

तिने लाल बटणावर मूठ आपटली. रांगा करकरत थांबल्या. पण उन्हाने सुटलेला बर्फ कसला थांबतोय! पहिल्या रांगेवरून धप्प. मग दुसरीवरून. इल्वा कोट न घालताच धावत सुटली. गुडघाभर बर्फात पाय रुतत होते. बाबागाडीची चाकं उमटलेली तिला दिसली, ती सरळ तिसऱ्या रांगेकडे गेली होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत तिसऱ्या रांगेवरचा थर हलला, क्षणभर रेंगाळला आणि अख्खाच्या अख्खा खाली आला. निळं दिसेनासं झालं.

"सिक्स्टन!"

ती उघड्या हातांनी उकरू लागली. नखं दुखत होती की नाही, तिला कळत नव्हतं. गाडीचं छत चेपलं होतं. तिने पडदा ओढून फाडलाच. आत हात घातला. मेंढीचं कातडं हाताला लागलं, घोंगडी लागली. बाळ लागलं नाही. कातडं गार होतं. आत्ता गार झालेलं नव्हे, मघापासूनच गार.

ती तशीच घराकडे पळाली.

स्वयंपाकघरात चुलीजवळ गुनवोर बसली होती. तिच्या स्वेटरची बटणं तिच्या आणि सिक्स्टनच्या, दोघांच्या अंगावरून कशीबशी लावलेली होती. गळ्यापाशी त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं. समोरची कॉफी निवून गेली होती.

"हळू! आत्ताच डोळा लागलाय," गुनवोर कुजबुजली. मग तिचं लक्ष सुनेच्या हातांकडे गेलं. "अगं, हे काय?"

"गाडी तिथे कुणी नेली?"

"मी. म्हटलं, लांब ठेवली तर तुझं बोट काही पोचायचं नाही. का गं?"

"गाडीवर... सगळा बर्फ आला. मी रांगा फिरवल्या."

गुनवोरचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बाळाला आणखी घट्ट धरलं. "तुला विचारायला हवं होतं मी," ती म्हणाली. "चुकलं माझं."

इल्वा तिच्या पायांशी जमिनीवरच बसली. तिने सिक्स्टनच्या नाकाखाली बोट धरलं. ऊबदार, ओलसर, एकसारखा श्वास. त्याने नाक मुरडलं आणि पुन्हा झोपला. इल्वाला रडू आलं, आणि रडता रडता हसूही.

"पण हा आत कसा? तळघरातला बटाटा होईल ना तो."

गुनवोर चुलीकडे पाहू लागली. तिचे कान लाल झाले होते. "गाडी लावून निघाले. दारापर्यंतसुद्धा आले नाही बघ. श्वास चालतोय ना, ते पाहायला परत गेले. मग उचलूनच आणला."

"आणि तुझी तिन्ही? उणे पंधरातली?"

गुनवोरने बाळाच्या टकलावर हनुवटी टेकली.

"बाहेर रिकामी गाडीच असायची, पोरी. शेजारणींना दिसायला."