अकरा जागा

गिरिजाने हौसेने उलगडलेला नकाशा रमोनाबाईंनी बघितलाच नाही. त्यांनी गिरिजालाच न्याहाळलं, बुटांपासून गळ्यातल्या ऑफिसच्या बिल्ल्यापर्यंत.

कॅलिफोर्नियात सनीव्हेलजवळच्या त्या ओढ्याकाठी, तिथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या रमोनाबाईंचे पूर्वज पुरलेले होते. गोरे लोक यायच्या कितीतरी आधीपासून. आता तिथे दुकानं उठणार होती. सोमवारी सुनावणी, आणि बिल्डर म्हणणार की इथे काही नाहीच. गिरिजा नागपूरची, नोकरी नकाशे बनवणाऱ्या कंपनीत. तीन शनिवार ती रमोनाबाईंच्या मंडळींबरोबर निषेधाला कुंपणाशी उभी राहिली, आणि कोण कुठे फुलं ठेवतं ते तिने गुपचूप जीपीएसवर टिपून घेतलं.

"अकरा जागा आहेत," ती म्हणाली. "आता त्यांना नाही म्हणताच येणार नाही."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. मदत म्हणून केलं."

"माझ्या आजोबांकडेही असाच एक भला माणूस आला होता. त्यानेही खुणा करून घेतल्या. मागाहून फावडी आली. आजोबांची आई अजून कुठल्याशा संग्रहालयात खोक्यात पडली आहे."

गिरिजाला रडूच यायला लागलं. एवढी मरमर करून शेवटी आपणच चोर!

तेवढ्यात गाडीतून उल्का, तिची रूममेट, मराठीत ओरडली, "गिरिजा, चल ना यार! आणि कुठे नावबिव देऊ नकोस हं. एच-वन व्हिसा रिन्यू व्हायचाय, उगाच प्रॉब्लेम नको."

"काय म्हणते ती?" रमोनाबाईंनी विचारलं.

गिरिजाला खोटं सुचलं नाही. "माझं नाव कुठे लिहू नका म्हणते. व्हिसाचं काम आहे. एकदा कागदावर आलं की तो कुणाच्या हातात पडेल, सांगता येत नाही."

 रमोनाबाईंनी नकाशाची नीट घडी घातली.

"नाही लिहिणार तुझं नाव," त्या म्हणाल्या. "सोमवारी यायचं तर ये. आमच्या मागे बस. काही आणू नकोस."

गिरिजाने मान हलवली. रमोनाबाईंनी नकाशा स्वतःच्या पिशवीत टाकला आणि विचारलं, "हा एकच आहे ना?"

गिरिजाने खिशातला फोन चाचपला. कालच तिने तो ऑफिसातल्या सात जणांना कौतुकाने पाठवला होता.