लसूणघासावरचे लाल किडे

“पावडर मारावीच लागेल,” शेतकी खात्याचा साहेब म्हणाला, आणि घास कापता कापता बेबाबाईचा विळा थांबला.

साहेबाचं नाव अभिमन. धुळ्याहून नुकताच अमळनेरला बदलून आलेला. फाल्गुन लागल्यापासून दर मंगळवारी तो सायकलवरून बोरीकाठच्या या गावी यायचा. तोताराम आबांच्या लसूणघासात पांढऱ्या कापडाची जाळी फिरवायचा, दहा काड्या कागदावर झटकायचा आणि पडतील ते किडे मोजून वहीत लिहायचा. आज दहा काड्यांवर एकशे चाळीस मावा निघाला होता. वर करड्या, खरबरीत अळ्या बावीस.

“मावा आणि अळी, दोन्ही एकदम आलेत, आबा. आठ दिवसांत घास बसेल. उद्या पावडर पाठवतो. मारल्यावर वीस दिवस मात्र गुरांना घालायचा नाही.”

आबा मनात हिशोब करू लागले. कडब्याची गंजी तळाला गेली होती. म्हैस चार दिवसांपूर्वीच व्यालेली, आणि मोटेचे बैल दिवसभर राबणारे. वीस दिवस त्यांच्यापुढे टाकायचं काय? पण शिकलेला माणूस मोजून सांगत होता. आबांनी हळूहळू मान डोलावली.

बेबाबाई या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत ती सासऱ्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती. घरची रीतच तशी. सांगण्यासारखं काही असलं की ती म्हशीला सांगायची. “मीठ सरलं व माय,” असं ती गोठ्यात म्हणायची, आणि ओट्यावर बसलेले आबा बाजारात मीठ आणायचे.

इथं वावरात म्हैस नव्हती. नवरा सुपडू मोटेवर होता. साहेब तर वही मिटून सायकलीकडे निघालासुद्धा.

बेबाबाईनं पदर पुढे ओढला.

“आबा, पावडर मारू नका.”

आबांनी चमकून मागं पाहिलं. बोललं कोण, हे त्यांना क्षणभर कळेना. अभिमनही थांबला. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. बेबाबाईनं एक काडी खुडली आणि त्याच्यापुढे धरली.

“साहेब, ह्या अळ्या नही शेतस. ह्या लाल ठिपक्यासना किडा शेतस ना, त्यासना पोरे शेतस. मावा खातस त्या.”

“कशावरून?”

“तुम्ही आठ दिनमा एक डाव येतस. मी रोज आठे, ह्या वावरमा शे.”

तिनं दुसरी काडी शोधली. तिच्यावर एक करडी अळी शेपटीनं चिकटून गोळा झाली होती. तिसऱ्या काडीवर तसाच गोळा पाठीवर चिरलेला होता, आणि त्यातून पिवळट, ओलसर, अजून ठिपकेसुद्धा न उमटलेला किडा बाहेर येत होता. अभिमन गुडघ्यावर बसला. बराच वेळ बसला. मग त्यानं वहीतला ‘अळ्या बावीस’ हा आकडा खोडला.

“पुस्तकात चित्र पाहिलं होतं,” तो ओशाळून म्हणाला. “पण जिवंत ओळखता आली नाही. आबा, आठ दिवस थांबायचं का, ते तुम्ही ठरवा. घास तुमचा आहे.”

आबांनी सुनेकडे पाहिलं नाही. घासाकडे पाहिलं.

“थांबू,” ते म्हणाले.

ते आठ दिवस बेबाबाईला महिन्यासारखे गेले. तिसऱ्या दिवशी पानं आणखी चिकट झाली. “आबांसमोर तोंड उघडलं,” सुपडू रात्री जेवताना म्हणाला, “आता घास गेला तर मी कोणाकडे पाहू?” तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. चौथ्या दिवशी उजाडायला ती विळा घेऊन वावरात पोहोचली, तर आबा तिच्या आधीच तिथं होते. वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून एक काडी डोळ्याशी धरून पाहत होते. तिला पाहताच त्यांनी काडी टाकली आणि विहिरीकडे चालू लागले. पाचव्या दिवशीही तसंच. सहाव्या दिवशी त्यांनी काडी टाकली नाही. बेबाबाई शेजारच्या वाफ्यात कापत राहिली, ते पाहत राहिले.

मंगळवारी अभिमननं जाळी फिरवली. दहा काड्या झटकल्या. मावा अठरा निघाला. कागदावर लाल किडेच लाल किडे धावत होते, काही त्याच्या मनगटावर चढले, एक चष्म्यावर जाऊन बसला. घासाला खालून हिरवेगार फुटवे आले होते. अभिमन मोठ्यानं हसला. वहीत त्यानं एक नवा रकाना आखला, वर ‘लाल किडे’ असं लिहिलं आणि बेबाबाईला नमस्कार करून सायकलवर बसला. त्याला त्याच दिवशी आणखी दोन गावी जाऊन पावडर थांबवायची होती.

बेबाबाईनं घासाचा भारा बांधला. म्हैस वाट पाहत असेल. भारा डोक्यावर घ्यायला ती वाकली, तेवढ्यात आबा बांधावरून उठून आले. त्यांनी भारा तिच्या हातून घेतला, बाजूला ठेवला आणि आंब्याच्या सावलीत आपलं उपरणं अंथरलं.

“बठ,” ते म्हणाले. “अकरा वरीसमा तू ह्या वावरमा काय काय देखं, ते आते बठ्ठं सांग माले.”