कावळ्याचा कौल

घाटावर आईचा दहाव्याचा पिंड मांडून तासभर झाला, तरी कावळा शिवेना. आईची काहीतरी इच्छा राहिली असणार, असं सगळ्यांचं ठरलं. कोणती, तेही काकांनीच ठरवलं.

"हिच्या परदेशाचा घोर लागलाय वहिनींना."

सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी तिला डब्लिन किंवा लिस्बन निवडायचं होतं. डब्लिनला काकांचा केदार होता. लिस्बनला आपलं म्हणावं असं कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच तिला ते हवं होतं.

"मुळात जायचंच कशाला? इथे काय कॉलेजं नाहीत?" आत्या म्हणाली. जन्मात पुस्तक न उघडलेल्या आत्याला कॉलेजांचा आलेला हा कळवळा पाहून तिने नदीकडे तोंड फिरवलं.

काकांनी हात जोडले. "वहिनी, पोरगी डब्लिनलाच जाईल. केदारच्या घरी, त्याच्या नजरेखाली राहील. निश्चिंत व्हा!"

तेवढ्यात एक कावळा झेपावला आणि भाताचा घास घेऊन उडाला.

"बघ! आईनेच कौल दिला." निवडणूक जिंकल्यासारखा काकांचा चेहरा फुलला. "चला, पानं वाढायला सांगा घरी. कडकडून भूक लागलीय."

"मी लिस्बनला जाणार आहे," ती म्हणाली.

"अगं, आत्ता आईने सांगितलं ना? तिचा शब्द मोडतेस?"

तिने विस्कटलेल्या पिंडाकडे पाहिलं.

"ती आई नव्हती, काका. तुम्ही सगळे जेवून उठल्याशिवाय आई कधी घासाला शिवली होती?"