वीतभर वर

पडद्यावर रक्तदाब ऐंशीचा पंच्याण्णव झाला आणि सर्जन खूश झाले.

"उठलं बघा हृदय! मशीन बंद करा."

"थांबा," भुलीच्या मॅडम म्हणाल्या. "हृदय नाही उठलं, सर. टेबल उठलंय."

सर्जनची कंबर धरली होती, म्हणून त्यांनी आत्ताच टेबल वीतभर वर घ्यायला लावलं होतं. पेशंट वर गेला. त्याचा रक्तदाब मोजणारा सेन्सर मात्र शेजारच्या स्टँडवर होता तिथेच राहिला. तो हृदयाच्या पातळीला असेल तरच आकडा खरा. सेन्सर टेबलालाच अडकवायचा क्लॅम्प कधीच तुटला होता. नव्याचं विचारलं की स्टोअरवाले "निघालाय" म्हणत, जणू तो पायी येत होता.

मॅडमनी सेन्सर वीतभर वर सरकवला. ऐंशी.

"पाडलंत ना?" सर्जन वैतागले. "चांगलं चाललेलं तुम्हाला बघवतच नाही."

टेबलावर एका शाळेचे पीटीचे सर होते. छाती उघडी. हृदय नुकतंच पुन्हा चालू झालेलं, हार्ट-लंग मशीनच्या आधाराने कसंबसं धडधडत होतं. आत्ता आधार काढला असता तर बसलंच असतं.

मॅडमनी सेन्सर स्टँडवरून उपटला आणि नळी पुरेल तितका खाली नेला. एकशे चाळीस.

"घ्या. आता हे मैदानाला फेऱ्या मारतील."

मग डोक्यावर धरला. तीस.

"आता शोकसभा."

मग उघड्या हृदयाच्या बरोबरीने धरला. ऐंशी.

"आणि हे आपले पेशंट."

मशीन चालवणारा मास्कच्या आत खोकल्यासारखं हसला. सर्जन हसले नाहीत.

"औषध वाढवा," शेवटी ते म्हणाले. "मशीन राहू दे. आणि टेबल अजून जरा वर..."

मॅडमनी नुसतं बघितलं.

"...राहू दे."

औषध चढत गेलं. मॅडम हात तसाच धरून उभ्या. त्यांच्यावर कुणीतरी कपडे वाळत घालेल, इतक्या स्थिर.

"पंच्याण्णव," मशीनवाला म्हणाला.

सर्जननी पडद्याकडे बघितलंच नाही. आधी मॅडमच्या हाताकडे बघितलं, मग टेबलाच्या पायाकडे.

"हललंय का?"

"नाही."

"कंबर मोडली माझी."

"माझा खांदा."

"करा मशीन बंद," सर्जन म्हणाले. वाकूनच.