बारावी ओळ

"आलाय एक," मुक्ताबाई म्हणाल्या, आणि सुपातली पुढची शेंग फोडली.

दीपमाला सासूकडं वळली. "कुठं, आत्या? मी आत्ताच शोधलं. कॉम्प्युटर म्हणतोय, वॉर्निंग हा शब्दच न्हाई कुठं."

"त्यो म्हणतोय ऱ्हाऊ दे. छापायच्या यंत्रानं बारा ओळी खरडल्या. काल अकराच हुत्या."

कॉटवर बसलेला धम्मपाल हसला. "आई, तू मोजत बसलीस व्हय?"

"मग काय करू? तुझं तोंड बघत बसू?"

दीपमालेचा प्रोग्राम तसा लहानच होता. मोठ्या फाईलचे दोन तुकडे करायचे आणि दोन्ही एकाच वेळी आवळून लहान करायचे. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला की कामाला लागणारा, जगात कुणीही फुकट वापरावा असा. परदेशातला एक गृहस्थ असे प्रोग्राम गोळा करून सीडीवर घालायचा. त्यानं हा तीनदा परत पाठवला होता. तिन्ही वेळा कारण एकच: प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर इशारे, म्हणजे वॉर्निंग, देतोय, एकही चालणार नाही. नव्याण्णव सालची सीडी निघायला आली होती. आज शेवटचा दिवस.

कॉम्प्युटर सांगलीच्या दिराचा, म्हणजे धम्मपालचा. तो जीप घेऊन दुपारीच मलकापुरात येऊन बसला होता. फ्लॉपी सांगलीला नेऊन तिथून ईमेलनं धाडायची, ती त्याच्याच हाती. कॉम्प्युटरचं काय करायचं ते मात्र मुक्ताबाईंनी सकाळीच सांगून टाकलं होतं. "आज इशारा आला तर त्यो डबा जीपमधी. सहा म्हयनं झालं, भाकरी थापता थापता सुदिक सुनंचं ध्यान तिकडंच."

इशारा म्हणजे काय, हे दीपमालेनं त्यांना मागंच समजावलं होतं. चूक नव्हे. काम थांबत नाही, पण पुढं कुठंतरी पाय घसरेल एवढं कंपायलर सांगून ठेवतो.

"म्हंजी सासू," मुक्ताबाई म्हणाल्या होत्या. "अडवत न्हाई, पन बोलल्याबिगर ऱ्हात न्हाई."

आता दीपमालेला तेच आठवलं आणि राग आला. म्हातारीला डबा घालवायचाच आहे, म्हणून बारा म्हणतेय.

तिनं घड्याळ बघितलं. सव्वातीन. चारला वीज जाणार.

"घे, च्या घे," मुक्ताबाईंनी किटली उचलली. कपाच्या कडेवरनं एक बोट आत सोडून त्यांनी चहा ओतला.

"आई, बोट नगं ना घालू त्यात."

"माझं बोट बाधतंय व्हय रं तुला? दोन वर्साचा हुईस्तवर त्येच चोखत हुतास. आन् मगाशी दारात खांबावानी हुबा ऱ्हायलास, ना जयभीम, ना आई म्हनून हाक. कोन आलंय त्ये मला इचारायला लागलं. सांगलीनं लय मोठा केला तुला!"

धम्मपालनं कप घेतला.

दीपमालेनं प्रिंटरमधला कागद फाडला. पडद्यावरच्या ओळी पळून जायच्या, म्हणून ती सगळं कागदावरही काढायची. अकरा फायली, फायलीला एक ओळ. "घ्या, तुम्हीच बघा," ती जरा तोडूनच म्हणाली.

"मला कशाला दावतीस? माझं शिक्शान दोन बुकं, ती बी पावसात भिजल्याली. तूच मोज."

प्रिंटरच्या रिबनीची शाई आटत आली होती, अक्षरं पुसट. दीपमाला खिडकीशी गेली. बोट ठेवून मोजलं. परत मोजलं.

बारा.

वेळ वाचावा म्हणून आज तिनं फायली दोन दोन करून एकदम लावल्या होत्या, दोन चुली पेटवाव्यात तशा. दोन्हीकडचं बोलणं एकाच कागदावर सांडलं होतं. एका फाईलीचा इशारा अर्ध्यात असताना दुसरीची ओळ मधे घुसली होती. वॉर्निंग या शब्दाचं मुंडकं एका ओळीत पडलं होतं आणि धड पुढच्या ओळीत. अख्खा शब्द शोधणाऱ्या कॉम्प्युटरला तो सापडणार कसा?

इशारा खरा होता. दुसऱ्या तुकड्याची लांबी ठरवायच्या आधीच वापरली होती.

"आहे, आत्या," ती हळूच म्हणाली. "बारावी ओळ आहे."

धम्मपाल उठला. "मग डबा जीपमधी टाकू?"

"बस खाली!" मुक्ताबाई कडाडल्या. "चार वाजल्यात व्हय? दीपे, दुरुस्त कर. आन् ह्या खेपेला एकच चूल पेटव."

दीपमालेनं एक ओळ बदलली. फायली एकामागोमाग एक लावल्या. प्रिंटर खरडू लागला. मुक्ताबाईंनी मान खाली घालून कान तिकडं लावला होता.

"अकरा," त्या म्हणाल्या. "झालं. डबा हितंच ऱ्हाईल."

चारला सात मिनिटं होती. फ्लॉपीवर सगळं उतरवण्याआधी दीपमालेनं आभाराच्या फाईलीत दोन ओळी वाढवल्या: शेवटचा इशारा मुक्ताबाईंनी पकडला, माझ्या सासूबाई. त्याच दोन ओळी तिनं प्रिंटरवर सोडल्या आणि कागद न बघताच सासूच्या हातात दिला. फ्लॉपी पाकिटात घालायची घाई होती.

"इंग्रजीत हाय, आत्या. पण तुमचं नाव हाय. जगभर जाणार."

मुक्ताबाईंनी हात पदराला पुसले. कागद उजेडाकडं धरला आणि दोन्ही ओळींवरनं सावकाश बोटं फिरवली.

"वाचता येत न्हाई मला," त्या म्हणाल्या, "पन केवढं काळंभोर उठलंय गं! धम्मा, बघ की."

धम्मपालनं कागद बघितला आणि वहिनीपुढं धरला. रिबन केव्हाच निसटली होती. कागदावर नुसते प्रिंटरच्या सुयांनी टोचल्याचे वळ होते, शाईचा एक ठिपकाही नव्हता. दीपमालेनं मान वर करून सासूच्या डोळ्यांकडं बघितलं.